मास्कच्या आत हललेले ओठ

हे गेले त्याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, हसत हसत गेले, भाग्यवान. ते मला पटत नाही. हसले तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते. जीव कसा ओढत होते ते मी पाहिलंय.

यांचं सगळं आयुष्य भिवंडीच्या एका कापड कारखान्यात लूम दुरुस्त करण्यात गेलं. लग्नानंतर काही वर्षं मीही त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथे सगळे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात. पुढे यांचे कान गेले आणि आमचं घरातलं बोलणंही तसंच झालं. भांडणंसुद्धा. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडे किती शांतता असते हो!

शेवटी यांच्या छातीत कापसाची धूळ बसली. डॉक्टरांनी बजावलं होतं, हसू नका, हसलं की खोकला येतो आणि खोकल्यात श्वास जातो. पण आमच्या ज्येष्ठांच्या क्लबचं वर्षअखेरचं जेवण आलं, त्यानंतर विनोदी कार्यक्रम. हे हट्टाला पेटले. "जेवून लगेच निघायचं," मी म्हटलं. "बघू," म्हणाले. जेवले कसले, दोन घास भात. आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

विनोद सांगणारा ठाण्याचा तरुण होता. म्हणाला, "मी ऑनलाइन चप्पल मागवली. आठवडा झाला, मोबाईल सांगतोय चप्पल भिवंडीत आहे. अहो, माझी सख्खी मावशी इथे राहते, तिच्याकडेसुद्धा मी कधी एवढा राहिलो नाही!" हॉल हसायला लागला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठांनी सांगितलं, "म्हणतोय, भिवंडीत गोदामं फार झालीत."

यांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "एवढ्यावर हसतायत? येडे हायेत का?"

"हो."

"तू खोटं सांगतेस. खरं सांग."

मी मान फिरवली. यांनी माझं मनगट धरलं. "अगं, मी मेलो न्हाय अजून..."

मग मी सांगितलं. चप्पल, मोबाईल, मावशी, सगळं. सांगितलं त्याचं मला वाईट वाटत नाही. जिवंत माणसाला किती दिवस गोदामं सांगत बसायची?

हे हसले. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि खोकला सुरू झाला तो थांबेना. विनोद सांगणारा माइकवरून म्हणाला, "काकांना फारच लागला हा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून ओरडले, अहो, यांना श्वास मिळत नाहीये, रिक्षा आणा कुणीतरी... टाळ्यांत कुणाला ऐकूच गेलं नाही. मी यांच्या पाठीवर थापा मारत होते आणि हॉल आमच्याकडे बघून हसत होता. ओठ निळे पडलेले दिसले तेव्हा लोक धावले.

हॉस्पिटलात यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बांधला. घशातून आवाज निघत नव्हता. थोड्या वेळाने यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले. मास्क आतून वाफेने पांढरा झाला होता, ओठ दिसेनात. मी नर्सच्या हातापाया पडले. "बाई, घडीभर काढा. मला वाचता येतं त्यांचं."

"आजी, हात लावू नका. काढला तर जातील."

हे पुन्हा बोलले. तेच बोलले असावेत, कारण भुवई तशीच वर गेली. मी मानेनेच हो म्हटलं. कशाला हो म्हटलं, मला माहीत नाही. मास्क काढला तेव्हा ओठ हलायचे थांबले होते.

मुलगा म्हणतो, बाबांनी तुझं नाव घेतलं असेल. माझं नाव यांनी जन्मात कधी घेतलं नाही. मला वाटतं, पाणी मागितलं असेल... रोज सकाळी यांच्या कॉटपाशी तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी पाणी तसंच असतं. मी ते ओतून टाकते.