सात सुतळ्या

वडिलांची पिकअप तीन वर्षं सरावलीच्या घरामागे उभी होती. इंजिनाच्या ब्लॉकला चीर गेली होती आणि त्या मॉडेलचं दुसरं इंजिन कुठेच मिळत नव्हतं. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. वडिलांनी ती एका वाडीवाल्याकडून जुनीच घेतली होती, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर ते तिच्यातून चिकूचे क्रेट डहाणू रोडला नेत. गाडी बंद पडल्यावर त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. दर रविवारी मात्र ते ती काढून आरसे पुसत.

गेल्या दिवाळीनंतर तलासरीहून एका मेकॅनिकचा फोन आला. इंजिन आहे, म्हणाला. सवारी वाहणाऱ्या काळी-पिवळी जीपचं डिझेल इंजिन. जीप गंजून गेली, इंजिन शाबूत आहे. शेवटी त्यानं सांगितलं, “मी मास्तरांचा विद्यार्थी. मास्तरांना आठवेल.”

वडिलांना आठवलं. मलाही ओळख पटली, कारण हा माणूस आमच्या घरात चाळीस वर्षं एका विनोदाच्या रूपात राहत होता. तलासरीच्या शाळेत वडिलांनी चौथीच्या मुलांना वर्गाची लांबी मोजायला सांगितली होती. एका मुलाकडे पट्टी नव्हती. त्यानं खिशातल्या सुतळीनं वर्ग मोजला आणि पाटीवर उत्तर लिहिलं: सात सुतळ्या. वडिलांनी शून्य दिलं. “सुतळी हे एकक नाही,” ते म्हणाले. ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जाई, लग्नात सांगितली जाई, आणि दर वेळी हसू येई. तो मुलगा पुढे कोण झाला, हे कोणी विचारलं नव्हतं.

इंजिन बदलाचा आरटीओचा अर्ज मी केला. परवानगी आल्यावर गाडी ओढत तलासरीला नेली.

गॅरेज हायवेच्या सर्व्हिस रोडवर आहे, मागे दोन ताडाची झाडं. मेकॅनिक पन्नाशी ओलांडलेला, बुटका, कमी बोलणारा. तो वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, “मास्तर, निदान यात तरी पास करा.” हसत म्हणाला, पण नंतर त्यानं पुन्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घेतलं.

जीपचं इंजिन त्यानं आधीच काढून दोन टायरांवर ठेवलं होतं. बाटलीतून डिझेलची नळी जोडली, बॅटरी लावली आणि जमिनीवरच ते चालू करून दाखवलं. टायर थरथरत होते, आवाज एकसारखा होता.

“डहाणू–तलासरी, रोज,” तो म्हणाला. “परवाना नऊचा, बसायची एकोणीस.”

“म्हणजे त्या जीपची मोजणीही तुझ्यासारखीच,” वडील म्हणाले. तो हसला.

मग त्यानं पिकअपचं बॉनेट उघडलं. जुनं इंजिन अजून जागेवर होतं. तो गाडीखाली शिरला, चासीपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत सुतळी धरली, दोन गाठी मारल्या आणि बाहेर येऊन ती सुतळी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

“टेप नाही का तुझ्याकडे?” वडिलांनी विचारलं.

“आहे ना.”

“मग?”

“टेप तिथं शिरत नाही, मास्तर. आणि सुतळी वाचावी लागत नाही.”

“गाडी दुरुस्त करायची आहे. म्हैस बांधायची नाही.”

त्यानं बॉनेट बंद केलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा चेनकप्पी लावून जुनं इंजिन बाहेर काढलेलं होतं. बॉनेटखाली मोकळी जागा होती आणि टेप सहज शिरत होती. वडिलांनी मला मोजायला सांगितलं. मी चासी ते अ‍ॅक्सल अंतर मोजलं: अकरा इंच. दोन वेळा मोजलं. वडिलांनी तो आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि तेच पान फाडून मेकॅनिकच्या हातात दिलं.

त्यानं कागद पाहिला. मग खिळ्यावरच्या सुतळीकडे पाहिलं. कागद शर्टाच्या खिशात ठेवला. “मास्तरांनी लिहिलंय म्हणजे बरोबर असणार,” तो म्हणाला. इंजिन ज्यांवर बसतं ते लोखंडी कान किती उंचीवर लावायचे हे या अंतरावरून ठरतं; त्यानं ते कागदाप्रमाणे वेल्ड केले.

बारा दिवसांनी गाडी सुरू झाली. तो चालवायला बसला, वडील शेजारी, मी मागे हौद्यात. तलासरीतून निघून आम्ही मुंबईच्या दिशेनं विवळवेढ्यापर्यंत आलो. देवीच्या देवळाकडे वळताना गतिरोधक लागला. खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. पन्नास पावलांवर गाडी थांबवली तेव्हा मागे रस्त्यावर ऑइलची बारीक रेघ होती.

मी वाकून पाहिलं. इंजिनाच्या तळाशी ऑइलची पेटी असते, गॅरेजमध्ये तिला चेंबर म्हणतात. ती अ‍ॅक्सलवर आदळून चेपली होती. आमच्या हिशेबानं त्या दोघांमध्ये अडीच इंच अंतर राहायला हवं होतं. तिथं बोटही जात नव्हतं.

कारण मला तिथंच, गुडघ्यावर बसले असताना कळलं. मी मोजलं तेव्हा गाडीत इंजिन नव्हतं. पुढचा भार गेल्यामुळे स्प्रिंगचे पाटे सैल झाले होते आणि चासी वर उचलली गेली होती. इंजिन बसवल्यावर ती पुन्हा खाली आली. मोजणी अचूक होती. फक्त ती रिकाम्या गाडीची होती. सुतळीच्या गाठी मात्र इंजिन जागेवर असताना मारलेल्या होत्या.

वडील रस्त्याच्या कडेला काठीवर भार देऊन उभे होते. “गणितात कच्चा होतास,” ते म्हणाले, “अजून तसाच आहेस.”

“माझंच चुकलं, मास्तर,” मेकॅनिक म्हणाला. कागद त्याच्या खिशातच होता. त्याचा वरचा कोपरा मला दिसत होता. त्यानं तो काढला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

गाडी ओढत गॅरेजला नेली आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

मी आयुष्यभर बातम्या तपासण्याचं काम केलं. तिथं चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींत दुरुस्ती येते आणि विषय संपतो. त्या दोन ओळी मी अनेकदा लिहिल्या आहेत. घरी जेवणापूर्वी तेवढ्याच दोन ओळी बोलायच्या होत्या आणि मी त्या बोलले नाही. संध्याकाळी शेजारी आले. वडिलांनी त्यांना सात सुतळ्यांची गोष्ट सांगितली. या वेळी तिला विवळवेढ्याचा शेवट जोडलेला होता, आणि तो आधीच्या शेवटापेक्षा जास्त हशा मिळवून गेला.

सकाळी ओट्यावर चहा घेताना मी सांगितलं. इंजिन नसताना मोजलं, पाटे सैल होते, आकडा आपला होता. वडिलांनी कप खाली ठेवला. वही मागवली. पान फाडलेलं होतं, पण खालच्या पानावर पेनचा दाब उमटला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“त्याच्या सुतळीत किती होतं?” त्यांनी विचारलं.

“ते आपण विचारलंच नाही.”

त्यांनी वही मिटून काठी हातात घेतली. मग म्हणाले, “रिक्षा बोलाव.”

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती. मेकॅनिक चेंबर ठोकून सरळ करत होता. वडिलांनी खिळ्यावरची सुतळी मागितली, माझ्याकडून टेप घेतली आणि गाठीपासून गाठीपर्यंत स्वतः मोजलं. साडेआठ इंच.

“हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग माझा कागद का धरलास?”

“तुमचं अक्षर होतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “वाटलं, माझ्या गाठी सरकल्या असतील.”

वडिलांनी सुतळी परत खिळ्याला अडकवली. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “चूक माझ्या कागदात होती. याची सुतळी बरोबर होती.” एवढंच. वर्गात उत्तर सांगताना ते असेच बोलत असावेत.

हातातली हातोडी बाजूला ठेवून मेकॅनिकनं चिंधीनं हात पुसले. “हे इंजिन जुन्यापेक्षा जड आहे,” तो म्हणाला. “आता साडेआठपण चालणार नाही. नवीन माप पाहिजे, भरल्या गाडीचं. मास्तर, पुढे बसा. तुमचं वजन लागेल.”

वडील चढले. स्टिअरिंगमागे बसून त्यांनी हात मांडीवर ठेवले. गाडी किंचित खाली बसली. मेकॅनिक खाली शिरला, त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

“हलू नका, मास्तर.”

“नाही हलत.”

खाली सुतळी घासल्याचा आवाज येत होता. वडील समोरच्या काचेतून सरळ पाहत होते. मग त्यांनी विचारलं, “किती भरलं?”

“एक सुतळी.”

मला वाटलं ते एकक विचारतील. त्यांनी विचारलं नाही. “लिहून घे गं,” ते मला म्हणाले, आणि खिडकीतून थोडं वाकून खाली विचारलं, “आता उतरू?”

“बसा. दुसरी बाजू राहिलीय.”

वडील पुन्हा ताठ बसले.