थेंबापुरती नजर

आत्याच्या डोळ्यांत पाणी येत नसे. आतोबा गेले तेव्हाही आलं नाही. ओट्यावर बसलेल्या बायका म्हणाल्या, "दगडाची हाय वं."

शेलूबाजारच्या कडेला तिची भाजीची वाडी होती. चुरचुरणाऱ्या डोळ्यांना मिरचीचं रोप आणि गवत सारखंच दिसू लागलं, तेव्हा तिचा दीर म्हणाला, "वयनी, असंच चाललं तं औंदा वाडी मीच करतो. तुमी घरी बसा."

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मराठी येत नव्हती. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मला सोबत धाडलं. त्यांनी कृत्रिम अश्रूंची बाटली दिली आणि चष्म्याच्या मोजणीसाठी पुन्हा बोलावलं.

मोजणीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच आत्यानं दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

"आत्या, इथं कशाला?"

"पाव्हण्याच्या घरात पाय धुऊनच जातेत ना वं? मंग डाक्टरपुढं असे लाल डोये घेऊन जाऊ?"

डॉक्टरांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी तिच्यासमोर धरली. मागच्या वेळी तिच्या बुबुळात ती वर्तुळं तुटकी उमटली होती. आज अखंड, गोल. खूश होऊन त्यांनी यंत्रावर बुबुळाचा बाक मोजला आणि त्यावरून चष्म्याचा नंबर काढला.

चष्मा आला, पण घरी त्यातून धूसरच दिसे. आम्ही परत गेलो. कोरड्या डोळ्यात वर्तुळं पुन्हा तुटलेली. थेंब घातल्यावर जुळली, आणि आत्या चष्म्यातून भिंतीवरची खुंटी पाहून हसली. डॉक्टर हळू आवाजात इंग्रजीतून मला म्हणाले, "त्या दिवशी मी डोळा मोजलाच नाही, थेंब मोजला." आणि कोरड्या डोळ्याला कुठलाच नंबर टिकणार नव्हता.

हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली.

"मंग चष्मा खोटा काय?" आत्यानं विचारलं.

"नाही. थेंब आहे तोवर खरा."

ती थेंब टाकून भराभर गवत निंदायची, धूसर झालं की डोळे मिटून वाफ्याच्या कडेला बसायची. पुढे गावात थेंबांच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या. शेवटची संपली तरी ती सकाळी चष्मा लावून वाडीत गेली.

दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर दीर बांधावर उभा होता. आत्याजवळ मिरचीच्या कोवळ्या रोपांचा ढीग पडला होता. वाफ्यात गवत तेवढं उभं होतं.

या वेळी त्यानं टोमणा मारला नाही. "वयनी," तो म्हणाला, "चाला घरी."

त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं. तिनं ढिगातलं एक रोप नाकाशी नेऊन हुंगलं, चष्मा काढला आणि पदरानं कोरडेच डोळे पुसले.