उजवा कौल, डावा पाय

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा शहाणा माणूस तिसऱ्या डॉक्टरकडे जातो. आमच्याकडे तो देवीकडे जातो. मीही गेलो, आणि होतो त्याहून जास्त गोंधळून परत आलो. तो गोंधळ आजही पुरता सुटलेला नाही. पण जे घडलं ते घडलं तसं सांगावंसं वाटतं.

येळ्ळूरच्या बाजूला आमचं गाव. नोकरी बेळगावात, पण भातकापणीला रजा काढून शेतात उतरायचं, हा घरचा रिवाज. चाळिशी ओलांडलेल्या मी एका कापणीला पोरासारखी बांधावरून उडी मारली, डावा गुडघा आतून कट्ट वाजला आणि संध्याकाळपर्यंत भोपळ्याएवढा सुजला. लिगामेंट तुटलं होतं. पहिले डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करून टाका, उशीर केलात तर गुडघ्यातली गादीही फाटायची. दुसरे म्हणाले, आधी सूज उतरू द्या, पाय सरळ होऊ द्या, मांडीच्या स्नायूत ताकद येऊ द्या. घाई केली तर गुडघा आखडून बसतो. दोघेही जाणते, दोघेही मायेनं बोलणारे. आता कुणाचं ऐकायचं?

एरवी मी थांबलोही असतो. पण येत्या उन्हाळ्यात गावची लक्ष्मी यात्रा होती, कितीतरी वर्षांनी आलेली. देवीला खांद्यावर घेऊन गावभर नाचवतात, आणि त्यात एक खांदा आमच्या घरचा असतो. मागच्या यात्रेला तो आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिला होता. आता त्यांना काठीशिवाय उठवत नाही. "औंदा माझ्या पोराचा खांदा बघितला की मी सुटलो," असं ते अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. थांबलो तर खांदा हुकणार हे उघड होतं. लगेच ऑपरेशन केलं तर तोवर जमेल का, असं मी पहिल्या डॉक्टरांना विचारलं. ते "बघू" म्हणाले आणि मी मनातल्या मनात त्याचं "होय" करून टाकलं.

तरी भीती होतीच, म्हणून गावच्या देवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर आत्ताच ऑपरेशन, डावी पडली तर थांबायचं. मी हात जोडून बसलो, गुडघा ठणकू लागला, समईतलं तेल संपत आलं, पण एकही पाकळी हलली नाही. "देवी गप हाय," गुरव म्हणाला, "तूबी गप ऱ्हा." मला रागच आला. हिला गप राहायला काय जातंय, असं वाटलं. एकदा लावलेला कौल दुसऱ्या देवाकडे न्यायचा नसतो, हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक. तरी मी घरी न सांगता एसटीत बसलो आणि निपाणीजवळच्या आजोळच्या देवीपुढे तोच प्रश्न ठेवला. तिथे उजवी पाकळी टपकन पडली. आत्ताच! आनंद व्हायला हवा होता. पण आता डॉक्टर दोन, देवी दोन आणि मधे मी, असा पेच पडला. देवळाच्या कट्ट्यावर पाय पसरून बसलो आणि मला चक्क रडू आलं.

शेजारी एक म्हातारी नारळ सोलत बसली होती. ओळख ना पाळख. "का रं लेकरा, पायाला काय झालंय?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, यात्रेचं, खांद्याचं, दोन्ही कौलांचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय? मग उचल बघू त्यो पाय."

मी उचलायला गेलो. मांडी नुसती थरथरली. टाच कट्ट्यावरून सुटेना. घामाघूम झालो, तरी पाय जागचा हलेना.

"देवीला उचलाय निघालाईस," ती म्हणाली, "आदी सोताचा पाय तर उचल की रं." हसली नाही, टोमणाही नव्हता. ती नारळ घेऊन आत गेली. डोळे पुसून, भिंतीचा आधार घेत मी मागोमाग गेलो, तर गाभाऱ्यात मला ती दिसली नाही. गर्दी होती; दुसऱ्या दारानं गेली असेल. मी त्यावर काही म्हणत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकून मी थांबलो. ज्या देवळात कौल मिळाला नव्हता, तिथेच रोज सकाळी सभामंडपात पाय पसरून बसायचो. बायको गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि म्हणायची, "दाबा." गुरव आरती करता करता माझ्या टाचेकडे बघायचा. ज्या दिवशी पाय न वाकता सरळ वर गेला, त्या दिवशी त्यानं न मागता घंटा वाजवली. मग ऑपरेशन झालं. नंतर मांडी अशी वाळली, की हा पाय माझाच का, असा प्रश्न पडला. पुन्हा तीच गुंडाळी, पुन्हा तेच "दाबा".

यात्रा आली तेव्हा मला चालता येत होतं, पण खांदा द्यायची परवानगी नव्हती. आमचा खांदा चुलतभावानं दिला. मी आप्पांजवळ जमिनीवर बसलो होतो, मान खाली घालून. भंडारा उधळत, नाचत देवी आली आणि नेमकी आमच्यासमोर थबकली. सगळे उठले. आप्पा काठी चाचपू लागले, ती गर्दीत कुठेतरी सरकली होती. मी डाव्या पायावर भार देऊन उठलो, कशाला न धरता, आणि वाकून त्यांच्या काखेखाली खांदा दिला. माझा खांदा धरून आप्पा उभे राहिले.

"गावला रं मला खांदा," ते म्हणाले. त्यांनी हात जोडले नाहीत, माझा खांदा सोडलाच नाही.

निपाणीकडचा तो उजवा कौल मी मोडला का? गावची देवी गप राहिली, तेच तिचं उत्तर होतं का? मला कळत नाही, आणि आता विचारायलाही जात नाही. रोज सकाळी अंथरुणात पाय सरळ उचलतो, क्षणभर तसाच धरतो आणि आई, हा तुझाच आहे, असं देवीला म्हणून खाली ठेवतो.