हात न लावता बांधलेला पाय

आमच्या रनाळ्याच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील ती धुळ्याहून आणत, गावात वाटत आणि उरलेली आम्हा भावंडांकडून पाठ करून घेत. ‘भोळ्या समजुती हा रोग आहे’ हे पत्रक मला शाळकरी वयातच तोंडपाठ होतं. ‘ज्याचा देह, त्याची सत्ता’ हेही. दोन्ही एकाच छापखान्यातून आलेली. ती कधी एकमेकांच्या अंगावर धावून जातील असं मला वाटलं नव्हतं.

ती धावून गेली सातपुड्यात, मोलगीला. नर्सची परीक्षा देऊन मी तिथल्या लहानशा दवाखान्यात रुजू झाले होते. डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी घोड्यावरून येत. एरवी दवाखाना म्हणजे मी आणि पहारेकरी आप्पा. आप्पा मूळचे शहाद्याकडचे, पण डोंगरात केस पिकलेले, त्यामुळे भिली त्यांना चांगली येई. मात्र चिघळलेली जखम दिसली की त्यांना घेरी येई. “बाई, रगत चालस माले. पू चालत नही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

होळी जवळ आली होती. एका सकाळी दोन भावांनी आपल्या धाकट्याला पाठीवर घालून आणलं. होळीसाठी लाकूड तोडताना कुऱ्हाड निसटून पायावर बसली होती. पाऊल सुजून चकाकत होतं आणि अंगात ताप होता. भाऊ त्याला ओट्यावर टेकवून परत गेले. मागे राहिली त्याची बायको, मांडीवर तान्हं मूल घेऊन, नवऱ्यापासून चांगली हातभर दूर बसलेली.

मी म्हटलं, “दादा, खाटेवर चला.”

तो हलला नाही. आप्पांनी विचारलं, ऐकलं आणि मला सांगितलं. त्याने पालनी धरली होती. ते मूल जगेना तेव्हा त्याने नवस केला होता की जगलं तर होळीला अंगावर राखेचे ठिपके काढून, कमरेला घुंगरं बांधून नाचेन. नवस फिटेपर्यंत खाटेवर बसायचं नाही, स्वतः रांधलेलंच खायचं आणि बाईमाणसाचा हात अंगाला लागू द्यायचा नाही.

आणि दवाखान्यात धुवायला-बांधायला माणूस एकच होतं, तेही बाईमाणूस.

मी रागावले. पहिलं पत्रक सगळं म्हणून दाखवलं, तेही त्याला न कळणाऱ्या पुस्तकी मराठीत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी चिमटा पुढे केला. “मी हात लावत नाही. हा लावेल.”

त्याने चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाजारात ये-जा करून त्याला अहिराणी येत होती. “चिमटा कोन्हा हातमा शे?”

आप्पा हसले. “बाई, वकील शे हाऊ.”

मलाही हसू आलं, आणि हसल्यावर दुसरं पत्रक आठवलं. ज्याचा देह, त्याची सत्ता. ते काय फक्त शिकलेल्यांच्या देहाबद्दल लिहिलं होतं? हा माणूस मला जखम बरी करू नको म्हणत नव्हता. तो फक्त हात लावू नको म्हणत होता. मधली वाट शोधणं हे माझं काम होतं, त्याचं नव्हतं. पण ती लवकर सापडायला हवी होती. हे विष वर चढलं तर डॉक्टर पाय कापायला धुळ्याला पाठवतील हे मला दिसत होतं, आणि एका पायाने डोंगरातली शेती होत नाही.

मी खाटेचा नाद सोडला, अंगण सारवून घेतलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. एक पातेलं त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे, दोन्हींत उकळून निववलेलं पोटॅशचं गुलाबी पाणी. मी माझा धडधाकट पाय पुढे घेतला.

“मी करते तसं करा.”

मी साबणाने हात घासले. त्याने घासले. मी माझ्या पायावर पाणी सोडलं, उकळलेल्या फडक्याने आतून बाहेर पुसलं. त्याने पुसलं, दात आवळून. मी पट्टी बांधली, त्यानेही बांधली, पण आरशात दिसावी तशी उलट्या बाजूने, आणि ती सुटली. त्याची बायको पहिल्यांदा हसली.

“लुगडं गुंडाळी ऱ्हायना का?” आप्पा पाठ फिरवूनच म्हणाले. जखम न बघता टोमणे मारायची कला त्यांना साधली होती.

रोज सकाळ-संध्याकाळ आमची ही बैठक चाले. त्याची चूलही मी अंगणातच मांडू दिली. आवारात विस्तव पेटवायचा नाही असा नियम भिंतीवर लावलेला होता. तो लिहिणाऱ्याला भूक लागत नसावी. पहिल्या भाकरीचा तुकडा तो दुरूनच आप्पांच्या उपरण्यात टाकी. आप्पा मला अर्धा देत.

पण ताप उतरेना. जखम टाचेकडे वळत होती आणि तिथलं त्याला दिसत नव्हतं. मला दिसे ते वरवरचं. आत बघायला कुणीतरी ती फाकवून धरायला हवी होती. शेवटी मी बाजारातून आणलेला माझा छोटा आरसा त्याच्या बायकोकडे दिला. तिने मूल आप्पांच्या मांडीवर ठेवलं, वाकली आणि त्याला कुठेही न शिवता आरसा टाचेखाली तिरका धरला. त्याने दोन बोटांनी जखम उघडली. तो आरशात बघत होता, ती जखमेत.

ती भिलीत काहीतरी पटकन बोलली.

“काळं शे म्हनस, आत,” आप्पा म्हणाले.

चिमटा मी उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर ठेवला. तो त्याने स्वतः उचलला. बायको सांगत गेली, जरा इकडे, जरा खाली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. बाहेर आली ती नखाएवढी लाकडाची ढलपी. मागोमाग पू वाहिला, आणि आप्पा मूल घेऊन अंगणाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी अंग निवलं.

बाजारच्या दिवशी डॉक्टर आले. रोगी जमिनीवर, अंगणात चूल, दोन पायांना पट्ट्या. “नर्सबाई, तुम्हाला काय लागलं?”

“शिकवणी लागली,” मी म्हणाले.

या अडाणी लोकांचे लाड करू नका, असं ते म्हणाले. मी म्हटलं, स्वतःची जखम स्वतः उघडणारा मी तरी शिकलेल्यांत पाहिला नाही. ते पाय बघायला बसले. पुरुषाच्या हाताला त्याची हरकत नव्हती. बराच वेळ बघून ते म्हणाले, “धुळ्याला न्यायची गरज नाही. नाचायचं मात्र नाही.”

नाचायचं नाही हे सांगणं सोपं होतं. ते गेल्यावर मी त्यालाच विचारलं, कसं नाचतोस ते दाखव. त्याने बसल्या-बसल्या हातांनी पावलं टाकून दाखवली. टाच कुठे आपटते ते आम्ही दोघांनी हेरलं. रात्रभर नाचलास तर जखम पुन्हा फाटेल, एवढं मी स्पष्ट सांगितलं. पुढचं त्याने ठरवायचं होतं. तो विचार करून म्हणाला, “एक फेरा. चवड्यावर.”

होळीनंतरच्या बाजाराला तो काठी टेकत आला, बायको बरोबर. मी तिच्याकडेच बघितलं.

“एक फेरा,” ती नवऱ्यासारखीच बाजारातल्या अहिराणीत म्हणाली. “मंग बठना. रुसेल पोऱ्या बठस तसा.”

तो माझ्यासमोर बसला, पाय लांब केला आणि हात मागे टेकले. नवस फिटला होता.

“आते तू धू, बाई.”

मी पट्टी सोडली. आत लालबुंद, स्वच्छ मांस भरत आलं होतं, कडा आत सरकल्या होत्या. माझ्यासाठी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तरी मी पाणी गरम करायला ठेवलं, त्याची खडबडीत टाच तळहातावर घेतली आणि तो पाय सावकाश धुतला.