न झालेल्या वादळाचा सत्कार

श्रीहरीभाऊ मेश्रामांनी समुद्र पाहिलेला नाही. ब्रह्मपुरीच्या पुढं वैनगंगेकाठी त्यांचं गाव, आणि तिथून सगळ्यांत जवळचा समुद्र पाचशे किलोमीटर. पाण्याचा मोठा साठा म्हणून त्यांनी काय पाहिलं असेल तर गावामागचा तलाव. त्या तलावाच्या चौकीवर त्यांनी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा रेषेशी आणून आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा. पाऊस नसेल त्या दिवशी लिहायचं 'निरंक'. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांना चहावर बसवून हे आधी नळी वाचून आले होते.

असा माणूस निवृत्त झाल्यावर करणार काय? पडलेला पाऊस मोजून झाला, आता भाऊंनी न पडलेला सांगायला घेतला. जावयानं आपला जुना मोबाईल दिला, त्यात उपग्रहाची चित्रं यायची. वर्षभरात घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बंगालच्या उपसागराचा नकाशा लागला आणि व्हॉट्सॲपवर 'हवामान भाऊ' नावाचा गट निघाला. बघता बघता त्यात दोनशे चाळीस माणसं झाली. गावाची वस्ती तेराशे, तेव्हा हे काही थोडकं नव्हे.

पण साध्या पावसात भाऊंचा जीव रमेना. पावसाला काय, बत्तीस वर्षं नळीत धरला होता. त्यांना ओढ लागली वादळाची. समुद्रात आधी कमी दाबाचं क्षेत्र होतं, मग ते तीव्र होतं, मग डिप्रेशन, मग खोल डिप्रेशन, आणि वाऱ्यानं ताशी बासष्ट किलोमीटर गाठले की झालं चक्रीवादळ. बासष्टच्या खाली त्याला कुत्रं विचारत नाही. बासष्ट झाले की त्याचं बारसं होतं, नाव मिळतं, आणि टीव्हीवाले उलटी झालेली छत्री धरून किनाऱ्यावर उभे राहतात. ही चढण भाऊंनी गावाला इतकी पाठ करून दिली की तलाठ्याचं नाव विचारलं तर डोकं खाजवणारी माणसं पानठेल्यावर बसून 'बासष्ट झाले का?' असं एकमेकांना विचारू लागली.

तीन वर्षांत भाऊंनी पाच वेळा भाकीत केलं, पाचही वेळा खरं ठरलं. एकदा तर त्यांनी होणार म्हटलं आणि झालंच. ओडिशात घरं पडली, इकडं भाऊंचा भाव वाढला. गावात थेंब पडला नव्हता, तरी आठ दिवस लोक असे वागत होते की जणू वादळ गावातच तयार होऊन तिकडं गेलं.

गेल्या वर्षीची दिवाळी झाली तेव्हा धान पिकून पिवळं पडलं होतं. आता झाडीपट्टीच्या या धानाच्या मुलखात लोकांची या दिवसांत एक पंचाईत असते. दिवाळीनंतर मंडई नावाची गावजत्रा भरते, रात्री नाटक असतं, घरोघर पाहुणे येतात. मंडई लागली की चार-पाच दिवस कापणीला बाईमाणूस मिळत नाही. म्हणून ज्याला त्याला वाटतं, मंडईच्या आधी धान कापून टाकावं. पण कापलेलं धान लगेच बांधता येत नाही. ते बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच, पसरून ठेवावं लागतं, त्याला म्हणतात कडपा. तीन-चार दिवस ऊन खाऊन तो वाळला की भारे बांधायचे आणि त्यांची गंजी, म्हणजे पुंजणं, रचायचं. उभं धान पाऊस सोसतं, पुंजणंही सोसतं. कडपा सोसत नाही. ते तीन-चार दिवस घराचा वर्षाचा भात असा जमिनीवर उताणा पडलेला असतो.

आणि नेमकं मंडईच्या सहा दिवस आधी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं.

पानठेल्यावर, सोसायटीत, बसथांब्यावर एकच विषय. वादळ होणार का? सरपंच धनराज तर रोज सकाळी भाऊंच्या ओट्यावर हजर. त्याचं गाडं नाटकाच्या मंडपाशी अडलं होतं. वादळ होणार असेल तर पंचाईत, नसेल तर आजच खांब गाडायचे. त्यानं चारचौघांत जाहीर केलं की भाऊंचं हेही भाकीत खरं निघालं तर ग्रामपंचायतीतर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. भाऊ म्हणाले, सत्काराचं काय, आपण सेवा करतो. पण त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा धुवायला टाकला.

दोन दिवस भाऊ नकाशापुढून हलले नाहीत. जेवण तिथंच, चहा तिथंच. मग संध्याकाळी त्यांनी गटावर लिहिलं. समुद्र गरम आहे हे खरं, पण वरचा वारा एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या दिशेला, त्यामुळं वादळाला उभं राहता येणार नाही. किनाराही जवळ आहे, वाढायला वेळ मिळणार नाही. सबब, चक्रीवादळ होणार नाही. बासष्ट गाठणार नाही म्हणजे नाही. या मजकुराला एकशे सत्तर अंगठे आले.

नकाशावर आणखीही काही दिसत होतं. किनाऱ्यापासून निघालेला एक हिरवा पट्टा गडचिरोलीवरून थेट ब्रह्मपुरीपर्यंत आला होता. भाऊंनी तो पाहिला. साधा पाऊस होता तो, दोन-तीन दिवसांचा. पण प्रश्न वादळाचा होता, आणि बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस विचारलं तेवढंच सांगतो.

हिरव्या पट्ट्याचं कुणी बोललंच नाही असं नाही. नदीपलीकडच्या वडशाचा कय्यूमभाई ताडपत्र्या विकतो. तो मोटरसायकलला गठ्ठा बांधून गावात आला आणि भाऊंच्या ओट्यावर टेकला.

"भाऊ, तुफान नाई आलं तरी पानी तं येतेच ना," तो म्हणाला. "लोकाइले सांगा, चार दिवस कापू नका. नाई तं निदान झाकाले कायतरी घ्या."

भाऊ हसले. ताडपत्री विकणाऱ्याला पाऊस दिसणारच, हे न कळण्याइतके ते दूधखुळे नव्हते. शास्त्रात स्वार्थ आणू नये, असं त्यांनी कय्यूमभाईला चहा पाजून समजावलं. कय्यूमभाईनं चहा पिऊन गठ्ठा परत बांधला. सबंध गावात त्याच्या दोन ताडपत्र्या खपल्या, त्यातली एक नाटकाच्या मंडपाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीराबाई विळा घेऊन दारात उभी राहिली. मीराबाई म्हणजे भाऊंची बायको. तीन एकर धान तिनंच रोवलं, तिनंच निंदलं. भाऊ नोकरीत होते तेव्हा पाऊस मोजायचे आणि निवृत्त झाले तेव्हा आभाळ, त्यामुळं मधली जमीन कायम तिच्याकडं राहिली. गटात ती नव्हती. तिच्याकडं मोबाईलच नव्हता. बाहेर सात बाया तिची वाट पाहत होत्या.

"अजी," तिनं विचारलं, "आपलं धान कापू का?"

भाऊंची नजर मोबाईलवर होती. "वादळ होत नाई," ते म्हणाले.

मीराबाई थोडी थांबली, आणखी काही येतं का ते पाहिलं, आणि गेली. त्या दिवशी गावानं झाडून कापणी केली. संध्याकाळी सगळ्या शिवारात कडपा पसरला होता आणि आभाळ धुतलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं.

वादळ झालं नाही. वारा पंचावन्नवर अडला, ते जे काही होतं ते बिननावाचंच किनारा ओलांडून आत आलं आणि सुस्तावलं. वादळ झालं असतं तर निदान घाईत कुठंतरी निघून गेलं असतं. हे बेणं चालायलाच तयार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गावावर पाऊस सुरू झाला. ना गडगडाट, ना वारा, बारीक आणि एकसारखा. तीन दिवस पडला. बांध्या भरल्या आणि कडपा पाण्यात तरंगू लागला.

भाऊंनी तिन्ही दिवस साडेआठला अंगणातलं माप वाचलं आणि आकडा गटावर टाकला. पहिल्या दिवशीच्या आकड्याखाली त्यांनी लिहिलं, 'लक्षात घ्यावे, हे वादळ नव्हे.' आणि आश्चर्य असं की लोकांनी ते लक्षात घेतलं. कुणी भाऊंना बोल लावला नाही. बाया-माणसं चिखलात उतरून ओलं धान धुऱ्यावर, बांधाच्या कोरड्या कडेला, ओढत होती आणि एकमेकांना सांगत होती की भाऊ बरोबर होते, वादळ नाहीच झालं. लोकांचा हा गुण मला आजवर कळलेला नाही. त्याचा संतापच येतो.

सरपंच धनराज शब्दाचा पक्का. नाटक रद्द झालं, पण सत्कार रद्द झाला नाही. पावसाच्या तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या गळक्या खोलीत, जिथं गळत नव्हतं त्या कोपऱ्यात खुर्ची मांडून, नऊ माणसांच्या साक्षीनं भाऊंना शाल-श्रीफळ देण्यात आलं. बाकीचं गाव शेतात होतं. धनराजनं भाषणात सांगितलं की मोठमोठे चॅनेलवाले चुकले, पण आपल्या भाऊंचा आकडा चुकला नाही. भाऊंनी उत्तरादाखल वाऱ्याच्या दिशा समजावल्या. छतावर पावसाचा आवाज एवढा होता की शेवटचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही.

शाल घेऊन ते घरी आले तर घराला कडी. मग छत्रीनं सावरत शेताकडं निघाले. सत्कार मीराबाईला दाखवावा एवढंच मनात होतं.

मीराबाई गुडघाभर पाण्यात एकटीच होती. बाया आपापल्या शेतात गेल्या होत्या. ती कडप्याची एकेक पेंढी उचलून धुऱ्यावर उलटी टाकत होती. भाऊंनी एक लोंबी हातात घेतली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, नखाएवढे.

"बासष्ट झालेच नाई," भाऊ म्हणाले.

मीराबाई सरळ उभी राहिली. ती चिडली नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"मी तुमाले वादळाचं इचारलंच नव्हतं जी," ती म्हणाली. "मी इचारलं व्हतं, धान कापू का."

भाऊंना त्या हिरव्या पट्ट्याची आठवण झाली. तो आपण पाहिला होता, हे तिला सांगण्याची त्यांना हिंमत झाली नाही. आजही त्यांनी ते सांगितलेलं नाही. त्यांनी छत्री मिटली, शाल धुऱ्यावरच्या पळसाला अडकवली आणि पांढऱ्या सदऱ्यासकट पाण्यात उतरले. अंधार पडेपर्यंत दोघं पेंढ्या उचलत राहिली.

अर्धं धान काळं पडलं. व्यापाऱ्यानं हातात घेऊन परत ठेवलं. तो तांदूळ घरीच खाल्ला गेला, त्याला वर्षभर कुबट वास येत होता आणि भाऊंनी एकदाही ताट सरकवलं नाही.

त्यानंतर भाऊंचा धंदा बसला म्हणायला हरकत नाही. वादळ होणार का, असं कुणी विचारलं की ते उलट विचारतात, "तुझं धान कुठी हाये? उभं हाये, पडलं हाये, का बांधलं हाये?" लोक वैतागतात. आम्ही वादळाचं विचारतो आणि हे धानाचं काय काढून बसले? वडशाच्या एका पोरानं नवा गट काढला आहे. तो दोन मिनिटांत सांगतो, वादळाच्या नावासकट, रंगीत चित्र लावून. दोनशेवर माणसं तिकडं गेली. धनराज सगळ्यांत आधी गेला.

भाऊंच्या गटात आता एकोणीस जण उरले आहेत. एकोणिसावी मीराबाई. मुलीनं दिलेला मोबाईल हातात आल्यावर तिनं तो गट आपणहून लावून घेतला. लिहिता येत नाही म्हणून ती बोलून पाठवते. यंदा कापणीच्या तोंडावर चुलीपाशी बसून तिनं मोबाईल तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "धान कापू का?" ओट्यावर बसलेल्या भाऊंना ते मोबाईलच्या आधी घरातूनच ऐकू आलं. ते उठून आत गेले आणि म्हणाले, "चार दिवस थांब."