अमरानचा वायरलेस ऑपरेटर

फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसच्या दलात, सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि दुबईला आलो. पोस्टिंग मिळालं रास अल खोरच्या एका गोदामावर, सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून. शिफ्ट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. गेटवरचा माझा जोडीदार सालेम. वय साठीच्या आसपास, येमेनमधल्या अदनचा. त्याच्या गल्लीत गुजराती दुकानदार होते, त्यामुळे हिंदी चांगली. डाव्या कानाने ऐकू यायचं नाही.

मी सिग्नल्सचा आहे हे त्याला दोन महिन्यांनी कळलं. म्हणाला, "कदमसाब, मैं भी वायरलेस सेटवाला."

पुढचं त्याने सांगितलं ते एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. उन्हामुळे आवारात कुणी नव्हतं.

येमेन पूर्वी दोन देश होते, उत्तर आणि दक्षिण. १९९० साली एक झाले. झेंडा एक झाला, फौजा दोनच राहिल्या. विश्वास बसावा म्हणून काही तुकड्यांची अदलाबदल झाली. सालेमचं दक्षिणेचं रणगाडा ब्रिगेड उत्तरेत, राजधानीच्याही पलीकडे, अमरानला गेलं. शेजारीच उत्तरेचं ब्रिगेड. चार वर्षं एकत्र राहिले. पलीकडचा ऑपरेटर याह्या रोज सकाळी सेटवर आधी सालेमच्या आईची तब्येत विचारायचा, मग कामाचं बोलायचा.

"मग लढलात कशासाठी?" मी विचारलं.

"बरोबरीने राहू म्हणून एक झालो होतो. मग राजधानीत आमची माणसं मारली जायला लागली. खुनी कधी सापडला नाही. तेल आमच्या जमिनीत, हुकूम त्यांचा. आमचे अदनचे मोठे साहेब म्हणाले, आता गप्प बसलो तर संपलो."

१९९४ चा एप्रिल संपत आला होता. दुपारी साडेतीनला कॅम्पात दोन्हीकडच्या जवानांची बाचाबाची झाली. चारला पहिला गोळा पडला. रणगाडे समोरासमोर, मधे फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर.

सालेमने अदनला कॉल लावला.

"पोझिशन होल्ड करा. मदत निघाली आहे."

"किती वाजता पोचेल? ओव्हर."

"होल्ड करा. आउट."

मधे राजधानी, शेकडो किलोमीटरचा रस्ता, आणि सगळा शत्रूच्या हातात. मदत येणं शक्य नव्हतं. सालेमला ते कळत होतं, कमांड गाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या मेजरलाही. मेजर म्हणाला, "सगळ्यांना सांग, मदत निघाली आहे."

त्याने सांगितलं. रणगाडे जागेवर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर याह्याचा आवाज आला. "सालेम, तुमच्याकडे कुणी येत नाहीये. पोरांना घेऊन बाहेर ये. मी वर तुझं नाव सांगून ठेवलंय."

मेजर म्हणाला, "उत्तर द्यायचं नाही."

सालेमने दिलं नाही. तासाभराने कमांड गाडीवर गोळा पडला. मेजर जागीच गेला. सालेमचा कान गेला. तो कैदी झाला. याह्या जगला की नाही, त्याला आजतागायत ठाऊक नाही.

दोन महिन्यांत युद्ध खलास. अदन पडलं.

"हरलात कशामुळे?"

तो म्हणाला, "आमची चांगली ब्रिगेड्स त्यांच्या घरात अडकलेली. त्या युद्धाच्या आठ वर्षं आधी आम्ही दक्षिणवाले आपसात लढलो होतो. तेव्हा हरलेले आमचेच भाऊ उत्तरेला पळाले होते. ते आता उत्तरेच्या फौजेच्या पुढे होऊन आले, त्यांना आमची प्रत्येक वाट माहीत. आणि मोठ्या साहेबांनी दक्षिणेचा वेगळा देश जाहीर केला तो युद्धाच्या मधेच. कुठल्याच देशाने मानला नाही. जवान विचारायचे, आता सॅल्यूट कोणत्या झेंड्याला?"

मी सांगितलं, "तुझ्या जागी असतो तर मदत निघाल्याचा तो संदेश मीही पुढे दिला असता. ऑपरेटरचं तेच काम."

"मालूम है," तो म्हणाला. "इसलिए तुमको बताया."

मग त्याने तिथे गेलेल्यांची नावं सांगितली. हजेरी घ्यावी तशी, आधी हुद्दा, मग नाव. सार्जंट अवद, दोन मुलींचा बाप. गनर नासर, लाहिजचा, लग्न ठरलेलं. ड्रायव्हर फदल, अदनचा, सालेमच्याच गल्लीतला. तिघे एकाच रणगाड्यात होते. त्यांना पुरलं कुठे, हे घरच्यांना कुणी कळवलं नाही.

फदलचा शेवटचा कॉल त्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊचा. त्याने विचारलं होतं, "सालेम, मदत कुठवर आली?"

सालेम म्हणाला होता, "जवळ आलीय."