मधलं नाव

विभावरीबाईंशी दुबईतल्या अल कुसैसमध्ये कुणाचंच पटत नसे, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये बाई किचनमध्ये शिरल्या की बाकीच्या बायका गॅस बंद करून काढता पाय घेत. वॉचमन सलाम ठोकायचा तोसुद्धा भीतीपोटी. आता, प्रकाश नावाच्या नवऱ्याने चिपळूणहून इथे आणलं, वर्षभरात रास अल खैमात दुसरा संसार थाटला आणि हिला वाऱ्यावर सोडलं. घटस्फोटाचे कागद तेवढे पाठवले. अशा बाईने गोडगोड बोलावं अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी ती खुशाल ठेवावी.

चिपळूणला त्या एका वकिलाकडे जमिनींचे सर्च काढायच्या. जमीन विकणाऱ्याकडे ती कुणाकडून आली, त्याच्याकडे कुणाकडून, असं दस्तामागून दस्त काढत मागे जायचं. हीच विद्या इथे कामाला आली. पुण्याच्या धनंजयने अल कुसैसमध्ये एक छोटं ऑफिस काढलं होतं, अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायचं. गोऱ्यांचे पूर्वज पटापट सापडत. काळ्या कुटुंबांचं तसं नव्हतं. त्यांचे खापरपणजे गुलाम; ते सापडायचे मळ्यांच्या खरेदीखतांत. जमीन, खेचरं, साखरेच्या कढया आणि माणसं, सगळं एकाच खतात. माणसाचं फक्त पहिलं नाव, वय आणि किंमत. दुसरी जागा म्हणजे पेन्शनच्या फायली. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकाची विधवा पेन्शन मागायला आली की सरकारी तपासनीस तिला उलटसुलट विचारायचा. तुझा मालक कोण होता? लग्न लागताना कुणी पाहिलं? नवऱ्याची दोन दोन नावं कशी? त्या उत्तरांत मालकाचं नाव मिळालं की त्याची खतं काढायची.

पहिलंच खत वाचलं तेव्हा खेचराच्या खालच्या ओळीत आठ वर्षांची मुलगी होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुडदा बसवला तुझा," असं त्या स्क्रीनवरच्या सहीला भर ऑफिसात म्हणाल्या. सही करणारा दीडशे वर्षांपूर्वीच मेला होता, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

अशा बाईच्या हातून घोळ झाला, तो असा.

शारजाच्या एका शाळेत शिकवणाऱ्या लोरेन ग्रीन नावाच्या अमेरिकन बाईंचं काम आलं. त्यांची म्हातारी आई लुइझियानात. कुळातला पहिला स्वतंत्र माणूस आयझॅक ह्युबर्ट ग्रीन, फौजेत होता एवढं ठाऊक. त्याचा बाप कोण, हे आईला डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं. कुटुंब एकत्र जमून बापलेकांच्या नावाचा दगड बसवणार होतं.

बाईंनी पेन्शनच्या यादीतलं नाव वाचलं आणि त्यांच्या डोक्याने जन्मभर केलं तेच केलं. आयझॅक हे स्वतःचं, ह्युबर्ट हे बापाचं, ग्रीन हे आडनाव. सातबाऱ्यावर असंच असतं, रेशनकार्डावर असंच असतं, मग जगात दुसरं काय असणार? एका मळ्याच्या खतात त्यांना 'आयझॅक, वय १२' सापडला आणि चार ओळी वर 'ह्युबर्ट, वय ४५'. बापलेक जुळले! पेन्शनची अख्खी फाइल अजून यायची होती. पण धनंजय म्हणाला, "क्या बात है, ताई! यल्ला, चला, रिपोर्ट पाठवून टाका." बाई एरवी कुणाचं ऐकत नसत. त्या दिवशी ऐकलं, कारण स्वतःवरच खूश होत्या.

लोरेनबाई फोनवर रडल्या आणि खजुराचा एक मोठा डबा पाठवला.

मग फाइल आली. आयझॅकच्या विधवेने तपासनीसाला शपथेवर सांगितलं होतं: ह्युबर्ट हा माझ्या नवऱ्याचा पहिला मालक. त्यानेच त्याला आईपासून तोडून विकला. फौजेतल्या कारकुनाने ते नाव त्याला चिकटवलं. आमच्या घरात ते नाव काढायची कुणाची टाप नव्हती. ग्रीन हे त्याच्या बापाचं नाव, शेजारच्या मळ्यावरच्या. गुलामीतून सुटल्यावर नवऱ्याने ते स्वतः घेतलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. खतातला ह्युबर्ट कुणी भलताच बिचारा होता. गळ्यात त्यांचं स्वतःचं कार्ड लटकत होतं: विभावरी प्रकाश साळवी. इथल्या प्रत्येक काउंटरवर त्यांना 'मॅडम प्रकाश' म्हणून हाक मारत आणि दर वेळी त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. मधल्या नावात नेहमी आपलाच माणूस नसतो, हे जिला झोपेतही ठाऊक असायला हवं होतं, तिनेच त्या विकणाऱ्याला लेकराचा बाप करून ठेवला होता.

"ताई, क्लायंट हॅपी आहे, फाइल क्लोज, खलास," धनंजय म्हणाला. "आता कशाला उकरताय?"

"दगडावर नाव कोरणार आहेत, धनंजय सर."

"कोरू देत की! दीडशे वर्षांपूर्वीचं कोण चेक करतंय? तिने उद्या रिव्ह्यूमध्ये आपली इज्जत काढली तर ऑफिसला टाळं लागेल. एक शब्द बोललात तर तुमचा व्हिसा कॅन्सल समजा."

"करा कॅन्सल," बाई म्हणाल्या आणि खजुराचा डबा उचलून शारजाची बस धरली. लोकांना तोंडावर बोलणं त्यांना कधीच जड गेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बसमध्ये त्या इंग्रजी वाक्यं पुन्हा पुन्हा जुळवत बसल्या.

लोरेनबाईंनी हसत दार उघडलं. विभावरीबाईंनी बसायच्या आधीच, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सगळं सांगून टाकलं. समोरचं हसू गेलं ते गेलंच.

"माझी आई रोज त्या नावाने प्रार्थना करतेय," लोरेनबाई म्हणाल्या. "ह्युबर्टला सुखात ठेव म्हणून देवाला विनवतेय. तुमच्यामुळे!"

"आमच्यात मधलं नाव बापाचं असतं. बाईचं असेल तर नवऱ्याचं." बाईंनी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. "हे बघा, माझ्याही नावात असाच एक माणूस..."

"ती तुलना करायची नाही! तुम्हाला कुणी विकलं नव्हतं."

बाईंनी कार्ड खाली सोडलं. समोरची बोलली ते खरं होतं.

लोरेनबाईंनी तिथेच आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा तिला." विभावरीबाईंनी सांगितलं. एकही शब्द मऊ न करता, आपली चूक कुठे झाली तेही.

 पलीकडून म्हातारीने विचारलं, "म्हणजे ग्रीन हे मालकाचं नाव नाही?"

"नाही. त्याच्या बापाचं. त्याने आपण होऊन घेतलेलं."

"माझे वडील सही करताना दर वेळी तोंड वाकडं करायचे. म्हणायचे, दुसऱ्याचा शिक्का घेऊन फिरतोय आपण." म्हातारीचा आवाज फाटला. "पक्कं आहे का हे, बाई? की पुन्हा तुमच्याकडच्या रीतीने?"

"त्याच्या बायकोने शपथेवर सांगितलंय. माझं यात काही नाही."

"मग दगडावर ग्रीन एकदा नाही, दोनदा लिहा. बापाचं आणि लेकाचं."

लोरेनबाईंनी फोन ठेवला. डोळ्यांना पाणी होतं, पण नजर तशीच कठोर. खजुराच्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "तो घेऊन जा. ज्या बाईने शोधून दिलं असं वाटलं, तिला पाठवला होता. परत घेऊन मी काय करू?" आणि दार लावलं.

धनंजयने शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात विभावरीबाई व्हिसा कॅन्सलचे कागद करायला अल कुसैसच्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये बसल्या होत्या. काउंटरवर अक्रम होता, वर्षानुवर्षं तोच.

"मॅडम प्रकाश!" त्याने हाक मारली.

बाई हलल्या नाहीत.

"मॅडम प्रकाश! अरे, आप ही तो हैं ना?"

"प्रकाश यहाँ नहीं है," बाई खेकसल्या. लोक माना वळवून बघायला लागले. "रास अल खैमा में है. जाओ, उधर जाके चिल्लाओ."

अक्रमने स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईंकडे. "सिस्टम में तो यही है, मॅडम."

"तो सिस्टम को आने दो. मैं नहीं आएगी."

रांग खोळंबली. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणालं. अक्रमने कपाळ पुसलं, स्क्रीनवरचं पहिलं अक्षर बोटाने धरलं आणि अडखळत, तुकड्या-तुकड्याने वाचलं, "वि... भा... वरी?"

मग त्या उठल्या.